हँडलला हात लावण्याआधी : लहान डिझेल इंजिन चालवण्याचा आणि राखण्याचा क्रम

काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यात संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण (फुलं धरण्यासाठी तोडलेलं पाणी) सोडायचा दिवस आला, की वावरात गडबड असते. आळी बांधून झालेली असतात, झाडं पाण्याची वाट पाहत असतात आणि विजेच्या पाळीत ओलित पुरत नाही. म्हणून कोपऱ्यातलं पाच एचपीचं इंजिन आठवतं. ते दीड-दोन महिने बंदच असतं. गडी टाकीत डिझेल ओततो आणि हँडल मारतो. दहा वेळा मारून तो दमतो, मग दुसरा मारतो. "काहून घेत नाही बे हे?" यावर चर्चा होते, "नोझल गेलं", म्हणजे डिझेल फवारणारा भाग बिघडला, असा निकाल लागतो आणि पाना जिथे लागेल तिथे लागतो. सकाळी त्या इंजिनात फक्त हवा होती. संध्याकाळपर्यंत ते खरोखर बिघडलेलं असतं.

नागपूर जिल्ह्यात असे प्रकार इतके पाहिले, की हे एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. आपल्या लोकांना इंजिन कळत नाही असं नाही. क्रम चुकतो. खालचं सगळं हँडलवर सुरू होणाऱ्या, एका सिलिंडरच्या, साधारण 3 ते 10 एचपीच्या इंजिनासाठी आहे, मग ते पंपाला जोडलेलं असो की थ्रेशरला. तुमच्या इंजिनासोबत आलेल्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल, तर पुस्तकाचं ऐका.

## 1. आधी जागा बघा

इंजिन ज्या फाउंडेशनवर बसलंय त्याचे बोल्ट हंगामाच्या सुरुवातीला पान्याने आवळून घ्या. एक बोल्ट ढिला असला तरी थरथर वाढते. थरथरीने डिझेलच्या नळ्यांना चिरा जातात आणि पट्टा सारखा उतरतो. पट्टा आणि फ्लायव्हीलवर जाळी हवी. जाळी नसेल तर ती बसेपर्यंत गळ्यातला दुपट्टा, साडीचा पदर, ढगळ बाही यातलं काहीही इंजिनाजवळ जाता कामा नये. दुपट्टा कमरेला बांधूनही नको, काढूनच ठेवा.

इंजिन खोलीत असेल तर सायलेन्सरचा पाइप भिंतीबाहेर निघालेला हवा. तापलेला पाइप कुटार, बारदाना आणि डिझेलच्या कॅनपासून लांब ठेवा.

आता विहिरीबद्दल. इथे घाई करून पुढे जाऊ नका.

पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबावर. कागदावर ही मर्यादा 10 मीटरच्या आसपास असली, तरी प्रत्यक्षात पंपापासून पाण्यापर्यंत 6-7 मीटर, म्हणजे वीस-बावीस फुटांच्या खाली पाणी गेलं की पंप पाणी धरत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या विहिरी त्याच्याही खाली जातात. मग काही जण इंजिनासकट पंप विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. हे करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीत वारा खेळत नसल्याने तो तिथेच साचून राहतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग पाय साथ सोडतात. शिडी चढायला लागणारी ताकद तोवर संपलेली असते.

सावधान : विहिरीत कोणी कोसळला तर मागोमाग उतरू नका. एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा उतरल्याने अशा अपघातात मृत्यू वाढतात. वरून इंजिन बंद करता येत असेल तर करा, माणसं गोळा करा, 108 आणि 112 ला फोन लावा. ज्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं, तिथे सबमर्सिबल किंवा जेट पंप लागतो. तिथे इंजिनावरचा हा साधा पंप चालत नाही.

## 2. सुरू करण्याआधीची पाच मिनिटं

ऑइल, फिरवणं, हवा, पाणी, डिझेल. हाच क्रम धरा.

ऑइल. इंजिन सपाट आणि थंड हवं. ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन खुणांमध्ये वरच्या खुणेजवळ ऑइल आहे का पाहा. "मागच्या महिन्यात चार लिटर टाकलं होतं" हा हिशेब चालत नाही, भरवसा डब्यावर नाही तर काडीवर ठेवा. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही चूकच आहे. जास्तीचं ऑइल वर चढून जळतं.

काडीवरचं ऑइल बोटावर चोळून बघा. काळं असणं साहजिक आहे. पण दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय आणि पातळी आपोआप वाढलीय, तर डिझेल खाली उतरतंय. या दोन्ही स्थितींत इंजिन सुरू करू नका, मिस्त्रीला बोलवा.

फिरवणं. स्टॉप लिव्हर (डिझेल तोडून इंजिन थांबवणारा) बंद स्थितीत ठेवा, डिकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून फिरवणं हलकं करणारा) वर करा आणि हँडलने इंजिन सावकाश पंधरा-वीस फेरे फिरवा. दोन महिने उभ्या इंजिनाच्या लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या अस्तरावरचं) ऑइल खाली निथळलेलं असतं, या फेऱ्यांनी ते परत जागेवर जातं. कुठे अडकतंय, घासतंय, हेही हाताला कळतं. हे कोणी करत नाही. कराल तर पिस्टनच्या रिंगा जास्त टिकतील.

हवा. ऑइल-बाथ एअर क्लीनर असेल तर खालची वाटी काढा. तळाशी चिखलासारखा गाळ दिसेल. तो फेकून वाटी डिझेलने धुवा, पुसा आणि खुणेपर्यंतच स्वच्छ ऑइल भरा. कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ यात दर आठवड्याला गाळ साचतो. थ्रेशरवर असाल तर वाटी रोज संध्याकाळी बघा. खुणेच्या वर ऑइल गेलं तर इंजिन ते ओढून जाळायला लागतं आणि रेसला जाऊ शकतं, म्हणजे त्याचा वेग आवरेनासा होतो.

पाणी. टाकीचं कूलिंग असेल तर टाकी भरा. पंपाचंच पाणी इंजिनातून फिरत असेल तर नळी मोकळी आहे का पाहा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंख्यात आणि पट्ट्यांमध्ये अडकलेला कचरा ब्रशने काढा. पंपात वरपर्यंत पाणी भरा, फूटव्हॉल (विहिरीतल्या नळीच्या तळाचा व्हॉल्व्ह) ते धरून ठेवतोय का पाच मिनिटं थांबून बघा. कोरडा पंप चालवला तर ग्लँडचं (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाचं) पॅकिंग किंवा सील जळतं.

डिझेल. बारीक जाळी आणि स्वच्छ कापडातून गाळूनच ओता. डिझेल गॅल्व्हनाइझच्या डब्यात साठवू नका. त्या डब्याचं जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि फिल्टर, नोझल खराब करतं. लोखंडी किंवा डिझेलसाठीची प्लास्टिक कॅन चालते. रॉकेल मिसळण्याचा मोह टाळा. इंधन पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने तो कोरडा पडतो.

तपासा : टाकीचा कॉक उघडल्यावर नळीच्या जोडांवर ओल दिसते का? जिथून डिझेल बाहेर येतं, तिथून हवा आतही जाते.

## 3. हवा काढणे

सुरुवातीला सांगितलेल्या त्या दिवशी चुकतं ते इथेच. टाकी एकदा कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा इंजिन बरेच दिवस उभं राहिलं, की नळीत हवा शिरते. इंधन पंपाला नोझल उघडायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलोचा दाब तयार करावा लागतो. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून तो दाब पुढे पोचतो. हवेचा बुडबुडा मात्र स्पंजासारखा दबतो आणि दाब तिथेच विरतो. तुम्ही कितीही हँडल मारा, सिलिंडरमध्ये थेंबही जाणार नाही.

हवा टाकीकडून नोझलकडे, याच दिशेने काढायची.

1. टाकी अर्ध्याच्या वर भरा, कॉक पूर्ण उघडा.
2. फिल्टरवरचा एअर स्क्रू दीड-दोन आटे ढिला करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळलात तर हवा परत आत गेली.
3. आता इंधन पंपावरचा स्क्रू, तसाच.
4. स्टॉप लिव्हर चालू स्थितीत आणा. नोझलकडच्या जाड नळीचा नट अर्धा-एक आटा ढिला करा, डिकॉम्प्रेशन वर ठेवून हँडल फिरवा. नटातून डिझेल ठेक्यात उसळायला लागलं की आवळून टाका.
5. पुन्हा दहा फेरे फिरवा आणि कान द्या. नोझलमधून ठराविक ठेक्याने "कुर्र, कुर्र" आवाज यायला हवा. मिस्त्री म्हणतात, नोझल बोललं. बोललं की इंजिन घेणार.

पितळी-तांब्याचे वॉशर निघाले तर जितके होते तितकेच परत टाका. गळणाऱ्या जोडाला साबण किंवा एमसील लावून भागवू नका. साधा वॉशर आणायला नागपूरच्या कॉटन मार्केटला चक्कर झाली तरी परवडते.

सावधान : नोझल बाहेर काढून फवारा तपासताना समोर बोट, तळवा काहीही नको. ती धार इंजेक्शनच्या सुईसारखी कातडीत घुसते. जखम मुंगी चावल्याएवढीच दिसते आणि दुखतही नाही, पण आत शिरलेलं डिझेल मांस सडवतं. असं झालं तर हळद लावून घरी थांबू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि "डिझेलची प्रेशरची धार लागली" असं स्पष्ट सांगा.

## 4. हँडल मारणे

माझा उजवा अंगठा आजही पूर्ण वळत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना सायकलच्या मुठीसारखं हँडल धरलं होतं, अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या. फेरा पुरेसा जोरात बसायच्या आत डिकॉम्प्रेशन सोडलं, इंजिन उलटं फिरलं आणि हँडलने अंगठा सोबत नेला. सहा आठवडे प्लास्टर होतं. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

आधी हँडल आणि शाफ्ट बघा. खाच झिजली असेल तर हँडल मध्येच सुटतं आणि तुम्ही तोंडावर पडता. शाफ्टवर ग्रीसचा हलका हात द्या, गंज असेल तर हँडल अडकून राहतं. पायाखालची जमीन कोरडी हवी. फिरवायची दिशा फ्लायव्हीलवर बाणाने दाखवलेली असते.

1. पट्ट्यावरचा लोड शक्य तितका कमी करा. पंप असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवा.
2. स्टॉप लिव्हर चालू स्थितीत आणा, डाव्या हाताने डिकॉम्प्रेशन वर धरा.
3. उजव्या हाताने हँडल धरा. अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीच्या वर, खाली वळवलेला नाही. उलटा झटका आला तर हँडल हातातून निसटून जाईल.
4. इंजिनाच्या बाजूला उभे राहा, हँडलवर वाकू नका.
5. हळू सुरू करून वेग वाढवत न्या. फ्लायव्हील स्वतःच्या वजनाने पळायला लागलं की डिकॉम्प्रेशन सोडा आणि फिरवणं थांबवू नका. बहुतेक जण लिव्हर सोडतानाच हात ढिला करतात. उलटा झटका तिथूनच येतो.
6. इंजिन पेटलं की हँडल शाफ्टच्या रेषेत सरळ बाहेर ओढा.

हँडल अडकून फ्लायव्हीलसोबत फिरायला लागलं तर ते पकडायला जाऊ नका. मागे व्हा, बाजूने जाऊन स्टॉप लिव्हर ओढा.

थंडीच्या सकाळी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची किंवा स्प्रे मारायची सवय काहींना आहे. त्याने स्फोट वेळेआधी होतो आणि रिंगा तुटतात. कधी हँडलही उलटतं. आठ-दहा जोरकस प्रयत्नांत इंजिन घेतलं नाही, तर ताकद वाया न घालवता भाग 3 कडे परत जा.

## 5. चालू असताना

पहिली पाच मिनिटं अर्ध्या लोडवर चालू द्या. ऑइल प्रेशरचा गेज किंवा दट्ट्या असेल तर तो पहिल्या काही सेकंदांत हलायला हवा. हलला नाही तर लगेच बंद करा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडत राहणं बरोबर आहे. ते थांबेपर्यंत ग्लँड आवळणाऱ्याचा शाफ्ट झिजतो.

पाण्याचं तापमान. इथे दोन टोकाच्या चुका होतात. इंजिनावरच बसवलेल्या उघड्या टाकीचं (हॉपरचं) कूलिंग असेल तर पाणी उकळून वाफ निघणं त्या रचनेतच आहे, घाबरू नका, फक्त पातळी खाली जाऊ देऊ नका. पंपाचं पाणी फिरवणाऱ्यांची चूक उलटी असते. इंजिन "मस्त थंड" राहावं म्हणून ते कॉक पूर्ण उघडतात. इंजिन थंड राहिलं की डिझेल नीट जळत नाही, त्यातला गंधक ओलाव्याबरोबर आम्ल बनतो आणि लायनर-रिंगा खातो. बाहेर पडणारं पाणी 60 ते 70 अंशांच्या दरम्यान राहील इतकाच कॉक उघडा. साधं थर्मामीटर धारेत धरून बघा, हात नको.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा दुपारी पाणी आटून इंजिन तापण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी लोड काढा, इंजिन बंद करा आणि सावलीत बसा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड किंवा ब्लॉक तडकतो. ब्लॉकवर हात ठेवता येईल इतकं निवल्यावरच थोडं थोडं पाणी टाका.

धूर. फिका, जवळजवळ न दिसणारा धूर म्हणजे ठीक. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी : आधी एअर क्लीनर, मग लोड, सगळ्यात शेवटी नोझल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनात काही मिनिटं चालतो. तापल्यावरही राहिला तर डिझेलमध्ये पाणी, गळकं नोझल किंवा गॅस्केट.

लोडचं एक कारण आपल्याकडे फार दिसतं : जास्त पाणी मिळावं म्हणून पंपाची पुली लहान करणं. सेंट्रिफ्यूगल पंपाचा वेग 10 टक्क्यांनी वाढवला तर त्याला लागणारी ताकद जवळजवळ 33 टक्क्यांनी वाढते. पाणी जरासं वाढतं, इंजिन मात्र काळा धूर ओकत मरतं. मूळ मापाची पुली परत लावा. इंधन पंपाचा सीलबंद स्क्रू आणि वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग यांनाही हात नको.

सावधान : इंजिन रेसला गेलं आणि स्टॉप लिव्हर ऐकत नसेल, तर हवा तोडा. एअर क्लीनरच्या तोंडावर लाकडी फळी किंवा जाड ओलं पोतं घट्ट दाबा, तळहात नाही. फ्लायव्हीलच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका.

## 6. बंद करणे

लोड हळूहळू काढा, तीन-चार मिनिटं मोकळं चालू द्या, मग स्टॉप लिव्हर ओढा. इतकंच आहे, पण यात दोन चुका रोजच्या. डिकॉम्प्रेशन उचलून इंजिन थांबवणं ही पहिली. पूर्ण वेगात व्हॉल्व्ह धरून ठेवल्याने व्हॉल्व्ह आणि पुशरॉड मार खातात. दुसरी म्हणजे टाकीचा कॉक बंद करून इंजिन विझू देणं. त्याने नळ्या रिकाम्या होतात आणि उद्या सकाळी तुम्ही पुन्हा हवा काढत बसता. इंजिन थांबल्यावर मग कॉक बंद करा.

इंजिन निवलं की संध्याकाळीच टाकी भरा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं आणि ते पाणी डिझेलखाली बसतं.

## 7. तासांची वही

देखभाल महिन्यांवर नको, तासांवर करा. खोलीच्या दारामागे वही टांगा : तारीख, किती तास चाललं, किती डिझेल गेलं. रोज 6 तास धरले तर चाळीस दिवसांच्या ओलितात 240 तास होतात, म्हणजे एका बहारात ऑइल बदलायची वेळ आलीच.

- रोज : ऑइल, पाणी, गळती, एअर क्लीनरवर नजर.
- दर 50 तासांनी : टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाचं पाणी-गाळ सोडा. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा, अर्धा ते पाऊण इंच दबला पाहिजे. दोन-तीन व्ही-पट्टे असतील तर बदलताना सगळे एकदम बदला, नवा-जुना मिसळला की नवाच सगळा भार ओढतो.
- दर 200-250 तासांनी : ऑइल आणि ऑइल फिल्टर. धुळीत चालत असेल तर त्याआधीच. ऑइल गरम असताना सोडा, गाळ सोबत निघतो. आपल्या उन्हाळ्याला 40 नंबर, थंडीला 30, किंवा बारमाही 20डब्ल्यू-40. इंजिनाच्या प्लेटवर वेगळं असेल तर ते. नवीन किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं. डिझेल फिल्टरही याच वेळी बघा.
- दर 500 तासांनी : व्हॉल्व्हवरच्या टॅपेटचं अंतर फीलर गेजने, इंजिन पूर्ण थंड असताना. नोझल मशीनवर तपासून घ्या.

पाच एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातं. वहीत हा आकडा दीडकडे सरकताना दिसला, तर धूर दिसायची वाट पाहू नका.

जळकं ऑइल धुऱ्यावर (बांधावर) किंवा विहिरीजवळ ओतू नका. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

## 8. लांब बंद ठेवताना

ताणाआधी शेवटचं ओलित झालं की इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल सोडून नवं भरा. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल उभ्या इंजिनात बेअरिंग खातं. सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी पूर्ण सोडा. डिझेलची टाकी काठोकाठ भरा. हवेच्या तोंडातून दोन चमचे ऑइल सोडून, स्टॉप लिव्हर बंद ठेवून हँडलने काही फेरे फिरवा आणि जिथे कॉम्प्रेशन लागतं त्या जागी इंजिन थांबवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहिले की ओल आत जात नाही. पट्टा उतरवून खुंटीला टांगा, उंदरांपासून लांब.

राहिली सायलेन्सरची नळी. कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला ती फार आवडते. दोन महिन्यांत नळी आतून बंद होते आणि मग इंजिन का घेत नाही हे कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून नळीवर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घाला, कूलिंगच्या आणि ब्रीदरच्या नळ्यांच्या तोंडांना कापडाचे बोळे बसवा. किती बोळे लावले ते वहीत लिहा आणि हँडललाच एक लाल चिंधी बांधा : "डबा काढा, बोळे मोजा."